पेट्रोलची गाडी गॅसवर: या बदलाची पार्श्वभूमी

सीएनजी किट, म्हणजे पेट्रोलची गाडी दाबून भरलेल्या नैसर्गिक वायूवर चालवायचा संच, बसवायचा विषय निघाला की बोलणं मायलेजपासून सुरू होतं आणि डिकीत टाकीने खाल्लेल्या जागेवर येऊन थांबतं. ही जागेची अडचण नवी नाही. गॅसवरच्या गाडीचा सगळा इतिहास तिच्याच भोवती फिरलेला आहे.

मोटारीत असतं तशा, आतच इंधन जाळणाऱ्या इंजिनाची सुरुवात खरं तर गॅसवरच झाली. १८६० साली एतियेन लन्वारने आणि १८७६ साली निकोलाउस ऑटोने चालवून दाखवलेली इंजिनं कोळशापासून काढलेल्या, दिवे पेटवायच्या गॅसवर चालत होती. पेट्रोल मागून आलं आणि पुढे गेलं ते द्रव असल्यामुळे. एक लिटर पेट्रोलमध्ये जेवढी ऊर्जा असते, तेवढ्यासाठी साध्या दाबाचा नैसर्गिक वायू जवळजवळ हजार लिटर लागतो. एका जागी बसवलेल्या इंजिनाला नळीने गॅस पुरवता येतो. गाडीला मात्र तो सोबत घेऊन फिरावं लागतं.

दोन्ही महायुद्धांत पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा लोकांनी यावर सरळ उपाय काढला. मोटारींच्या टपांवर कापडाच्या भल्यामोठ्या पिशव्या बांधल्या आणि त्यांत कोळशाचा गॅस भरला. गाडी जसजशी चालेल तसतशी पिशवी चपटी होत जायची. एका भरण्यात थोडकंच अंतर कापता येई, पण गाडी बंद पडून राहण्यापेक्षा ते बरं होतं.

वायू दाबून पोलादी सिलिंडरमध्ये भरायची रीत खऱ्या अर्थाने रुजली इटलीत. १९३५ मध्ये इथिओपियावरच्या स्वारीमुळे राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्सने) इटलीवर निर्बंध लादले आणि देशातल्याच इंधनावर भागवायचं धोरण आणखी कडक झालं. पो नदीच्या खोऱ्यात मिथेन, म्हणजे नैसर्गिक वायूचा मुख्य घटक, सापडत होताच. युद्धानंतर तिथे मोठे साठे हाती लागले, १९५३ मध्ये एनी ही सरकारी तेल-वायू कंपनी उभी राहिली आणि १९५४ मध्ये रेज्जो एमिलियात लांडी रेंझो ही किट बनवणारी कंपनी सुरू झाली. जगभरच्या गॅरेजांत आजही इटालियन किटांचं नाव घेतलं जातं, ते या जुन्या सवयीमुळे.

सत्तरच्या दशकातल्या तेलसंकटानंतर दोन देशांनी हाच मार्ग धरला, आणि त्यांची तुलना मला सर्वांत बोलकी वाटते. न्यूझीलंडकडे माउई या वायूक्षेत्रातला वायू होता. १९७९ पासून सरकारने अनुदान आणि कर्ज देऊन गाड्या गॅसवर आणायला सुरुवात केली. काही वर्षांतच एक लाखाहून जास्त गाड्या बदलल्या. पुढे सरकार बदललं, सवलती गेल्या, तेलही स्वस्त झालं. किट बसवणं थांबलं, पंप बंद होत गेले आणि ज्यांनी पैसे घातले होते त्यांच्या डिकीत रिकामी टाकी उरली. अर्जेंटिनाने १९८४ मध्ये सुरुवात केली. तिथे गॅसचा दर पेट्रोलच्या बराच खाली राहिला, पंपांचं जाळं वाढत गेलं आणि पुढच्या वीसेक वर्षांत बदललेल्या गाड्यांची संख्या पंधरा लाखांवर गेली. यंत्रं दोन्हीकडे सारखीच होती. फरक पडला तो धोरण टिकण्या-न टिकण्याने. किट घेणाऱ्याने गॅरेजवाल्याच्या आधी पंपांचा नकाशा बघावा असं मी म्हणतो, ते यासाठीच.

नव्वदच्या दशकात कारण बदललं. टंचाईची जागा धुराने घेतली. २८ जुलै १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या बसगाड्या सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला आणि २००२ अखेर ते काम पार पडलं. एवढ्या मोठ्या शहराची सार्वजनिक वाहतूक गॅसवर गेल्यामुळे पंप उभे राहिले आणि खासगी गाड्यांना त्याच पंपांचा आधार मिळाला.

किटमध्येही या काळात खूप बदल झाला. गाभा तोच राहिला: टाकीत सुमारे २०० बार, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे दोनशेपट दाब असतो आणि रिड्यूसर तो इंजिनाला झेपेल इतका खाली आणतो. दाब असा एकदम उतरला की वायू इतका थंड होतो की रिड्यूसर गोठू शकतो. म्हणून इंजिनाचं गरम पाणी त्याच्यातून फिरवलेलं असतं, आणि म्हणूनच बहुतेक गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन पाणी तापल्यावर गॅसवर जातात. कार्ब्युरेटरच्या काळात, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळायचं काम साधा यांत्रिक भाग करायचा तेव्हा, गॅस हवेत मिसळायला नुसता मिक्सर पुरे. इंधन मोजून फवारणारी इंजेक्शनची इंजिनं आल्यावर इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा गॅस इंजेक्टर आणि गॅससाठी वेगळा ईसीयू (इंधन किती सोडायचं ते ठरवणारा छोटा संगणक) आला, त्याला सीक्वेन्शियल किट म्हणतात. पिकअप थोडा कमी होतो, कारण इंजिनात शिरणारा वायू हवेची जागा घेतो.

टाकीवरचे नियम सगळ्यांत कडक आहेत, आणि ते तसेच असायला हवेत. साठ लिटरची पोलादी टाकी रिकामीच पन्नास-साठ किलोची असते आणि तिच्यात गॅस मावतो दहा किलोच्या आसपास. एवढा दाब अंगावर घेणारं भांडं ठरावीक वर्षांनी तपासलंच पाहिजे. अर्जेंटिनात काचेवर चालू वर्षाचं तपासणीचं स्टिकर नसेल तर पंपावर गॅस भरून द्यायची परवानगी नाही. मला हा नियम फार मोलाचा वाटतो, कारण तपासणी टाळायची पळवाटच त्यात राहत नाही.

आता कंपन्या कारखान्यातूनच सीएनजी गाड्या देतात, त्यामुळे बाहेरून किट बसवायचं काम आक्रसत चाललंय. इंजिनंही बदलली आहेत. ज्या इंजिनात पेट्रोल थेट ज्वलनकक्षात फवारलं जातं, तिथे गॅसवर चालतानाही थोडं पेट्रोल सोडावं लागतं, नाहीतर पेट्रोलचे इंजेक्टर तापून खराब होतात. अशा गाडीला किट बसवता येतं, पण पेट्रोलचा खर्च पूर्ण सुटत नाही.