‘मोल्तो’ कधी बदलतो आणि कधी नाही

इटालियन शिकणाऱ्याला सुरुवातीलाच एक गोष्ट खटकते. पुष्कळ पुस्तकं म्हणजे ‘मोल्ती लिब्री’, पुष्कळ घरं म्हणजे ‘मोल्ते काझे’, पुष्कळ पाणी म्हणजे ‘मोल्ता आक्वा’. इथवर सगळं सरळ आहे, नामाचं लिंग आणि वचन पाहून शब्द बदलतो. मग ‘मारिया फार सुंदर आहे’ असं म्हणायची वेळ येते आणि उत्तर येतं ‘मोल्तो बेल्ला’. मारिया बाई, ‘बेल्ला’ स्त्रीलिंगी, आणि त्याला चिकटून हा पुल्लिंगी दिसणारा ‘मोल्तो’. पोको (थोडा), तान्तो (इतका), त्रोप्पो (जरुरीपेक्षा जास्त), पारेक्क्यो (बराच) या सगळ्यांची तऱ्हा हीच.

पाठ्यपुस्तकातला नियम असा: नामाआधी आला तर विशेषण, म्हणून विकारी, क्रियापदाबरोबर किंवा दुसऱ्या विशेषणाआधी आला तर क्रियाविशेषण, म्हणून अविकारी. नियम चोख आहे. पण अविकारी रूप ‘-ओ’कारान्तच का, हे त्यातून कळत नाही. कारण जुनं आहे, आणि मराठी वाचकाला ते चटकन उमगण्यासारखं आहे: हा ‘-ओ’ मुळात पुल्लिंगी नव्हताच, तो नपुंसकलिंगी होता.

इटालियन जिच्यातून आली त्या लॅटिनमध्ये मराठीसारखी तीन लिंगं होती. ‘मुल्तुस’ पुल्लिंगी, ‘मुल्ता’ स्त्रीलिंगी, ‘मुल्तुम’ नपुंसकलिंगी. क्रियेचं किंवा गुणाचं प्रमाण सांगायचं असेल आणि जुळवून घ्यायला समोर नाम नसेल, तर लॅटिन बोलणारा नपुंसकलिंगी एकवचन वापरायचा. आपण दिवसभर दुसरं काय करतो? ‘थोडं थांब’, ‘जरा थोडं सरक’, ‘एवढं रडू नकोस’. यातल्या ‘थोडं’ आणि ‘एवढं’ला कुठलंच नाम नाही. इ.स.पूर्व १८४च्या सुमारास वारलेल्या प्लाउतुस या नाटककाराच्या ‘आउलुलारिया’ या प्रहसनात एउनोमिया आपल्या भावाला म्हणते की आम्हा सगळ्या बायकांना फार बडबड्या समजतात ते बरोबरच आहे. तिथे शब्द आहेत ‘मुल्तुम लोक्वाकेस’. बडबड्या बायका अनेक, आणि ‘मुल्तुम’ मात्र नपुंसकलिंगी एकवचनात ठाम. म्हणजे ‘मोल्तो बेल्ला’ची रचना सव्वीस-सत्तावीस शतकं नाही तरी बावीस शतकं निश्चित जुनी आहे.

पुढचं काम उच्चारांनी केलं. शब्दाच्या शेवटचा ‘म’ लॅटिनमध्ये फार पूर्वीपासून क्षीण होता. रोमच्या आप्पिया मार्गावर स्किपिओ घराण्याची समाधी आहे. तिथे, इ.स.पूर्व २५९मध्ये कॉन्सुल (रोमचा सर्वोच्च अधिकारी) झालेल्या लुकिउस कोर्नेलिउस स्किपिओच्या लेखाची सुरुवात ‘होंक ओइनो प्लोइरुमे’ अशी आहे: ‘या एकालाच बहुतेक सगळे...’. पुढच्या अभिजात लॅटिनमध्ये ‘ऊनुम’ लिहिलं जाई, तिथे दगडावर ‘म’ नसलेलं ‘ओइनो’ कोरलं आहे. काळाच्या ओघात बोलीतला ‘म’ पुरता गेला, ऱ्हस्व ‘उ’चा ‘ओ’ झाला, आणि मुल्तुमचा मोल्तो, पाउकुमचा पोको, तान्तुमचा तान्तो झाला. पुल्लिंगी रूपंही झिजून त्याच ‘-ओ’वर येऊन थांबली. दोन लिंगं एका रूपात मिसळली आणि इटालियनमधून नपुंसकलिंग स्वतंत्र लिंग म्हणून नाहीसं झालं. ‘ऊओवो’ (अंडं) एकवचनात पुल्लिंगी आणि अनेकवचनात ‘ले ऊओवा’ असं स्त्रीलिंगी का होतं, त्याचंही मूळ इथेच आहे.

हिंदीतही असंच घडलं. तिथे नपुंसकलिंग उरलं नाही, म्हणून ‘थोड़ा रुको’मधला ‘थोड़ा’ पुल्लिंगी भासतो. आपल्या ‘थोडं’वर जुनी खूण अजून शाबूत आहे.

मध्ययुगीन इटालियन कवी दान्तेपर्यंत येता येता ही व्यवस्था पक्की झालेली दिसते. ‘वीता नुओवा’मधलं त्याचं प्रसिद्ध सुनीत ‘तान्तो जेन्तीले ए तान्तो ओनेस्ता पारे ला दोन्ना मीआ’ असं सुरू होतं. माझी प्रिया इतकी शालीन आणि इतकी सोज्ज्वळ दिसते. ‘ओनेस्ता’ स्त्रीलिंगी, ‘तान्तो’ तसाच. आणि ‘इन्फेर्नो’ या नरकावरच्या काव्याच्या तिसऱ्या सर्गात, झेंड्यामागे धावणारी मृतात्म्यांची अफाट रांग पाहून तोच कवी म्हणतो की मृत्यूने इतक्यांना नेलं असेल असं वाटलं नव्हतं. तिथे येतं ‘मोर्ते तान्ता’, कारण हे ‘इतके’ म्हणजे ‘जेन्ते’, लोक, आणि इटालियनमध्ये हा शब्द स्त्रीलिंगी एकवचनी आहे. दोन्ही ओळी शेजारी ठेवून वाचाव्यात. नियम पाठ करायची गरज राहत नाही.

सगळे शब्द मात्र एकाच घरातले नाहीत. ‘अस्साइ’ हे ‘आद सातिस’ (पुरेसं होईतो) या शब्दसमूहाचं आखडलेलं रूप. त्याला लिंगच नव्हतं, म्हणून ते नामाआधीही बदलत नाही. ‘प्यू’ (जास्त) आणि ‘मेनो’ (कमी) हीसुद्धा लॅटिनमधली नपुंसकलिंगी तुलनावाचक रूपं, तीही जशीच्या तशी गोठली. त्रोप्पोची गोष्ट सर्वांत वेगळी. तो जर्मानिक मुळाचा, अर्थ जमाव किंवा कळप. आलामान या जुन्या जर्मानिक टोळीच्या लॅटिन कायद्यात ‘त्रोप्पो’ घोड्यांच्या कळपासाठी आला आहे. फ्रेंचमार्गे तो इटलीत पोहोचला, ‘कळपभर’चा अर्थ ‘जरुरीपेक्षा जास्त’ असा सरकला, आणि शेवट ‘-ओ’ असल्यामुळे तो मोल्तोच्या पंगतीत बसून त्रोप्पा, त्रोप्पी, त्रोप्पे असा बदलू लागला. बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीवर ‘मा नोन त्रोप्पो’, ‘मोल्तो वीवाचे’ आणि ‘अल्लेग्रो अस्साइ’ अशा तिघांच्याही सूचना आहेत, तिन्ही क्रियाविशेषणं.

मराठी माणूस अडखळतो तो नेमका उलट बाजूला. ‘थोडं थांब’ म्हणणारे आपण ‘ती इतकी सुंदर आहे’, ‘केवढी उंच इमारत’, ‘ती थोडी नाराज दिसली’ असंही म्हणतो. विशेषणाआधीचा शब्दही आपण नामाशी जुळवतो, आणि त्या सवयीने ‘तान्ता बेल्ला’ तोंडून निघून जातं. प्रमाण इटालियनमध्ये ही चूक आहे. पण दक्षिण इटलीच्या बोलण्यात ‘त्रोप्पा बेल्ला’ सर्रास ऐकू येतं, तेव्हा आपली ओढ इटालियन जिभेलाही परकी नाही.

प्रमाणभाषेतही सीमा सगळीकडे सरळ नाही. ‘मोल्तो प्यू बेल्ले’ (कितीतरी जास्त सुंदर) यात मोल्तो हलत नाही, पण ‘मोल्ता प्यू जेन्ते’ (कितीतरी जास्त लोक) यात हलतो, कारण मध्ये ‘प्यू’ असला तरी पुढे नाम उभं आहे. ‘तुत्ता कोन्तेन्ता’ (अगदी खूश झालेली) यात ‘तुत्तो’ (सगळा) अर्थाने क्रियाविशेषण असूनही बाईशी जुळतो. आणि अर्ध्या भरलेल्या बाटलीला ‘मेद्झो प्येना’ आणि ‘मेद्झा प्येना’ दोन्ही चालतं. व्याकरणकार पहिलं सुचवतात, लोक दोन्ही म्हणतात.