कस्टम घटक-लायब्ररी : डिझायनरमध्ये न दिसणे

प्रोग्रामरने स्वतः लिहिलेले किंवा त्रयस्थाकडून घेतलेले घटक (बटण, यादी यांसारखे खिडकीचे भाग) दृश्य डिझायनरच्या, म्हणजे खिडकी माऊसने मांडण्याच्या साधनाच्या, टूलबॉक्समध्ये न येणे, अथवा पूर्वी येत असलेले नाहीसे होणे. व्हिज्युअल स्टुडिओ, डेल्फाय, क्यूटी डिझायनर, सीन बिल्डर या साधनांत हा दोष वारंवार आढळतो. प्रकल्प मात्र अनेकदा बिनतक्रार बिल्ड होत असतो.

डिझायनरमध्ये बाहेरून घटक जोडण्याच्या कल्पनेचे श्रेय कोणाला द्यावे, यावर मतभेद आहेत. झाँ-मारी ह्युलो यांनी १९८६ च्या सुमारास लिस्प भाषेत, मॅकिंटॉशसाठी केलेले इंटरफेस बांधणीचे साधन हे काहींच्या मते मूळ होय. तेच पुढे इंटरफेस बिल्डर या नावाने नेक्स्ट कंपनीच्या नेक्स्टस्टेप या कार्यप्रणालीत आले व त्यात नवी पॅलेट (घटकांचे संच) जोडता येऊ लागली. दुसरा पक्ष ॲलन कूपर यांच्या ‘रुबी’कडे बोट दाखवतो (याच नावाच्या प्रोग्रामिंग भाषेशी तिचा संबंध नाही). मायक्रोसॉफ्टने घेतलेल्या या साधनातून, बेसिक भाषेची जोड देऊन, १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक साकारले. चालू असताना नवे नियंत्रक जोडण्याची सोय रुबीत आधीपासून होती, असे कूपर यांचे म्हणणे आहे. दृश्य मांडणीच्या पद्धतीपुरता पहिला पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. पण त्रयस्थ घटकांचा व्यवहार व्हिज्युअल बेसिकच्या व्हीबीएक्स फायलींमुळे (घटक ज्यांत भरलेले असत त्या फायली) फोफावला, आणि प्रस्तुत दोषाची सुरुवातही तेथूनच धरणे सयुक्तिक ठरेल. व्हीबीएक्स १६ बिटांचे होते. १९९५ च्या चौथ्या आवृत्तीच्या ३२-बिट रूपात ते चालत नसत, त्यांची जागा ओसीएक्स या नव्या प्रकारच्या घटक-फायलींनी घेतली. बिटांचा मेळ न बसल्याने घटक गळून पडणे इतके जुने आहे.

दोषाचे मूळ डिझायनरच्या कार्यपद्धतीत आहे. कंपायलर घटकाची व्याख्या तपासतो. डिझायनर बहुधा तो घटक प्रत्यक्ष निर्माण करतो, म्हणजे त्याचा कोड डिझायनरच्या प्रक्रियेत खरोखर चालतो. त्यामुळे प्रकल्प कोणत्या बिटांचा आहे याहून डिझायनर स्वतः कोणत्या बिटांचा आहे हे निर्णायक ठरते. डेल्फायचे संपादन-वातावरण दीर्घकाळ ३२-बिट होते. तेव्हा ६४-बिट प्रोग्रामसाठीही डिझाइन-काळातले पॅकेज ३२-बिटच लागे. उलट व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ हे ६४-बिट झाले आणि डॉटनेट फ्रेमवर्कच्या फॉर्म डिझायनरमध्ये केवळ ३२-बिट असलेले घटक लोड होईनात. ओसीएक्सच्या नोंदणीतही हीच गफलत होते : ६४-बिट विंडोजवर ‘सिस्टिम३२’ फोल्डरात ६४-बिट नोंदणी-आज्ञा असते, ३२-बिट आज्ञा ‘सिसवॉव६४’मध्ये.

क्यूटी या सी++ च्या इंटरफेस-लायब्ररीत बंधने आणखी काटेकोर आहेत. प्लगइन (घटक डिझायनरला जोडणारी लायब्ररी) ‘प्लगइन्स’ फोल्डराच्या ‘डिझायनर’ या उपफोल्डरात शोधले जाते. स्वतंत्र डिझायनरमध्ये दिसणारा घटक क्यूटी क्रिएटर या संपादन-वातावरणातल्या डिझायनरमध्ये दिसेलच असे नाही. क्यूटी क्रिएटर स्वतः ज्या क्यूटी आवृत्तीने व कंपायलरने बांधला आहे, त्यांच्याशी तेथे प्लगइन जुळावे लागते, प्रकल्पाच्या आवृत्तीशी व कंपायलरशी नव्हे. विंडोजवर डीबग बांधणीचे प्लगइन रिलीज डिझायनर नाकारतो. मदत मेनूतील प्लगइनविषयक खिडकीत लोड न झालेल्या फायली कारणासह दिसतात; ‘क्यूटी_डीबग_प्लगइन्स’ हा परिवेश-चल १ केल्यास शोधाचा टप्प्याटप्प्याने तपशील मिळतो.

विंडोजचा ‘निर्दिष्ट मॉड्यूल सापडले नाही’ हा संदेश विशेष फसवा आहे. फाइल जागेवर असते; सापडत नसते ती तिला लागणारी दुसरी लायब्ररी. अशा वेळी मार्ग पुन्हापुन्हा तपासण्यात वेळ जातो. म्हणून आधी डिझायनरची प्रक्रिया, मग अवलंबून असलेल्या लायब्रऱ्या आणि त्यानंतर शोधमार्ग, हा क्रम श्रेयस्कर. टूलबॉक्सची साठवण पुसून पाहण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण लोड न होणारा घटक त्याने परत येत नाही.

दोष दुरुस्त होईपर्यंत फॉर्म जतन करू नये, हे मात्र निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. डेल्फायमध्ये अनोळखी वर्ग आढळल्यास त्रुटी दुर्लक्षून पुढे जाण्याचा पर्याय मिळतो. तो स्वीकारून फाइल जतन केली की त्या घटकाची नोंद त्याच्या गुणधर्मांसह फॉर्ममधून पुसली जाते, आणि पॅकेज नंतर बसवले तरी ती परतत नाही. क्यूटीची फाइल वर्गाचे नाव व त्याचा आधारवर्ग दोन्ही जपते. प्लगइन नसताना आधारवर्गाचा साधा घटक दिसतो.

जावाएफएक्सचे सीन बिल्डर जार फाइलमधील (जावा वर्गांच्या गठ्ठ्यातील) वर्ग तपासून घटक निवडते. कोणते वर्ग का वगळले, हे त्याच्या जार-विश्लेषण अहवालात पाहता येते. ग्लेड या जीटीके लायब्ररीच्या डिझायनरमध्ये कॅटलॉग फाइल (घटकांची यादी देणारी) व तिचा शोधमार्ग महत्त्वाचे. इंटरफेस बिल्डरमध्ये बाहेरील प्लगइनची सोय ॲपलच्या एक्सकोड या विकास-साधनाच्या चौथ्या आवृत्तीपासून (२०११) राहिली नाही. एक्सकोड ६ मध्ये प्रकल्पातलेच वर्ग मांडणीत रेखाटण्याची सोय आली.