लेहची विमाने सकाळीच का उडतात?

उन्हाळ्यात लेहचे तिकीट शोधायला बसलात की लगेच लक्षात येते, जवळजवळ सगळी विमाने सकाळची. याचे कारण थंडी असेल असे वाटते, पण खरी अडचण उकाड्याची आणि वाऱ्याची आहे. लडाख हे शीत वाळवंट. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर. कोरड्या हवेमुळे जमीन रात्री भराभर निवते आणि ऊन चढले की तितक्याच भराभर तापते.

लेहचा कुशोक बकुला रिंपोछे विमानतळ 3,256 मीटर उंचीवर आहे. पुण्याचा लोहगाव 592 मीटरवर. लेहला हवेचा दाब साधारण 680 हेक्टोपास्कल भरतो. सकाळी 10 अंशांना तिथल्या हवेची घनता समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेच्या 68 टक्के असते, दुपारी 25 अंशांना 65 टक्क्यांच्याही किंचित खाली. फरक किरकोळ दिसतो. पण हवेच्या विरळपणावरून पाहिले तर विमानाच्या दृष्टीने सकाळी धावपट्टी सुमारे 3,800 मीटरवर असते आणि दुपारी 4,300 मीटरवर. त्याच धावपट्टीने दोन-चार तासांत अर्धा किलोमीटर वर चढावे, असा हा प्रकार.

विरळ हवेत पंखांना तेवढीच उचल हवी तर वेग वाढवावा लागतो. कॉकपिटमधला वेगदर्शक हवेच्या माऱ्यावरून वेग मोजतो, त्यामुळे तो 135 नॉट दाखवत असला, तरी 25 अंशांना आणि वारा नसताना विमान जमिनीवरून प्रत्यक्षात सुमारे 168 नॉटने, म्हणजे ताशी 310 किलोमीटरने पळत असते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ब्रेकना समुद्रसपाटीच्या दीडपट ऊर्जा गिळावी लागते. टायरनाही वेगाची मर्यादा असते. इंजिनाला हवा कमी मिळते ती वेगळीच. शिवाय ठरावीक तापमानाच्या पुढे टर्बाइन जास्त तापू नये म्हणून जोर आणखी कमी करावा लागतो.

म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी दाब, तापमान, वारा आणि धावपट्टीचा चढ घेऊन कमाल वजन काढतात. धावपट्टी पुरेल ते वजन, ब्रेक सोसतील ते, टायर झेपवतील ते आणि ऐन वेगात एक इंजिन बंद पडले तरी समोरचे डोंगर सुरक्षित अंतराने ओलांडता येतील ते, अशा मर्यादा निघतात. त्यांतली सर्वांत लहान ती खरी. लेहला बहुधा शेवटचीच आडवी येते.

आता धावपट्टी. तिचे नाव 07/25, म्हणजे उत्तरेपासून मोजलेली तिची दिशा एका टोकाकडून 70 अंशांच्या आसपास, दुसऱ्याकडून 250. पूर्वेकडे जमीन चढत डोंगराला भिडते, त्यामुळे प्रवासी विमाने पश्चिमेच्या स्पितुक गोंपाच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या, बाजूने 07 वर उतरतात आणि उलट दिशेला 25 वरून उडतात. धावपट्टीला चढ असल्याने उतरणारे विमान लवकर थांबते आणि उडणारे उतारावरून वेग घेते. एवढी सोय मात्र झाली आहे. वाऱ्याचे काय? इतरत्र वारा फिरला की धावपट्टीची दिशा बदलतात. इथे ती मुभा नाही. पश्चिमेचा वारा उडणाऱ्या विमानाला समोरून मिळतो, पण उतरणाऱ्याच्या पाठीला लागतो. पाठीमागच्या वाऱ्याची मर्यादा बऱ्याच प्रवासी विमानांना 10 नॉट असते. ती ओलांडली की उडणे शक्य, उतरणे नाही, आणि विमान आलेच नाही तर उडणार कोण? दुपारी तापलेले उतार दरीतला वारा वर खेचू लागतात. कड्यांमागे भोवरे पडतात, वाळूही उडते. म्हणूनच विमान माघारी फिरण्यापुरते इंधन घेऊनच लेहला निघते.

2024च्या जुलैअखेर लेहचा पारा तिशीपार गेला आणि सलग काही दिवस उड्डाणे रद्द करावी लागली. आकाश स्वच्छ, धावपट्टी कोरडी, तरीही! प्रवाशांना हे पटवणे अवघडच.

उशिराचा फटका इथे दुहेरी बसतो. दिल्लीहून विमान तासभर उशिरा आले, की उतरल्यावर तापलेले ब्रेक निवेपर्यंत त्याला थांबावेच लागते. गरम ब्रेकवर उड्डाण अर्ध्यात सोडायची वेळ आली तर ते पुरे पडणार नाहीत. तोवर पारा आणखी दोन-तीन अंश चढतो. वजनाचा तक्ता पुन्हा मांडला जातो, आणि आधी बसणारे काही किलो आता बसत नाहीत. मग आधी माल उतरतो, त्यानंतर बॅगा, आणि तरीही जमले नाही तर काही प्रवासी.