ड्रॉपबॉक्स नव्याने टाकलं म्हणून जुना फोल्डर उडवू नका

"विंडोज नव्याने टाकलंस ना? मग ड्रॉपबॉक्सचा जुना फोल्डर आधी डिलीट कर, नाहीतर सगळ्या फायली डबल होतील." ड्रॉपबॉक्स म्हणजे तुमच्या फायली कॉम्प्युटरवर आणि इंटरनेटवर एकसारख्या ठेवणारी सेवा. तिच्याबद्दलचा हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय आणि तो चुकीचा आहे. त्यापायी लोक शेकडो जीबी फोटो पुन्हा उतरवत बसतात, याचं खरंच वाईट वाटतं.

ड्रॉपबॉक्स प्रत्येक फाइलचे 4 एमबीचे तुकडे पाडून त्यांचे ठसे, म्हणजे मजकुरावरून बनणारी ओळखखूण, काढतं. तुमच्याकडचा ठसा सर्व्हरवरच्या ठशाशी जुळला की ती फाइल ना वर चढते, ना खाली उतरते. पडताळणीला मात्र वेळ लागतो. तेवढ्यात घाबरून काही बंद करू नका.

घोळ होतो तो ड्रॉपबॉक्स टाकताना फोल्डरची जागा निवडण्यात. फोल्डर डी ड्राइव्हवर असेल तर नुसता डी ड्राइव्ह निवडा. आतला 'ड्रॉपबॉक्स' फोल्डर निवडलात तर त्याच्या पोटात दुसरा 'ड्रॉपबॉक्स' तयार होतो आणि मग खरोखरच सगळं पुन्हा उतरायला लागतं. या अफवेचा उगम बहुधा इथलाच. जागा बरोबर निवडली की फोल्डर आधीच आहे, एकत्र करायचा का, असं विचारलं जातं. हो म्हणा.

तुमचा कॉम्प्युटर ड्रॉपबॉक्सला जोडलेला नव्हता त्या मधल्या काळात दुसऱ्या कॉम्प्युटरवर बदललेल्या फाइलच्या दोन प्रती दिसू शकतात, तिथे पुसलेली फाइल परतही येऊ शकते. तेवढ्याच हाताने निस्तरा. आणि खातं जोडल्यावर फोल्डर उडवलात तर फायली सर्व्हरवरूनही जातात. मोफत खात्यात त्या परत मिळवायला 30 दिवसच मिळतात.