दहावी-बारावीनंतरचं व्यवसाय शिक्षण (कोल्हापूर)

दहावी नाहीतर बारावी झाल्यावर नेहमीच्या डिग्रीच्या मागं न लागता हाताला काम यावं म्हणून जे शिकतात, म्हणजे आयटीआय, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, अप्रेंटिसशिप आणि अलीकडं बी.व्होक. ही व्यवसायाचीच डिग्री, ते सगळं मिळून व्यवसाय शिक्षण. सरकारी कागदावर आता 'कौशल्य विकास' म्हणतात. आसपासच्या कारखान्यांना कसली माणसं लागतायत ते बघून कोर्स ठरावा अशी यात अपेक्षा असते, आणि घोडं अडतं ते नेमकं तिथंच.

कोल्हापुरात कोर्सच्या आधी मेस्त्री होता. शाहू महाराजांनी १९०६ ला कापड गिरणी काढली, त्याच्या दोन वर्षं आधी १९०४ ला विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, पुढं उसाचे चरक आणि ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता लोक ती स्वतःच बनवायला लागले आणि उद्यमनगर ही छोट्या वर्कशॉपची वसाहत उभी राहिली. चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी तर सिनेमाचा कॅमेरा इथंच बनवला, कुठल्या इंजिनिअरिंग कॉलेजचं तोंड न बघता. पोरगं आधी झाडलोट करायचं, मग पाने हातात द्यायचं, आणि हात बसला की लेथवर उभं राहायचं. यात खोट एवढीच की मेस्त्रीला जेवढं येतं तेवढंच पोराला येतं, ड्रॉइंग वाचायचं राहून जातं, आणि दुसरीकडं नोकरी मागायला गेलं तर दाखवायला कागद नसतो.

कागदाची सोय सरकारनं केली. १९५० ला शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना आली, तीच आजची आयटीआय, कोल्हापूरची सरकारी आयटीआय कळंबा रोडला आहे. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. फाउंड्रीमन, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारा, असाही एक वर्षाचा ट्रेड आहे, पण पोरांची ओढ इलेक्ट्रिशियनकडं. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी धरली तर हा जिल्हा कास्टिंगवर, म्हणजे याच ओतकामावर जगतो, तरी मोल्डिंगला (साचे करायला), भट्टीवर, फेटलिंगला (ओतलेला माल घासून साफ करायला) बघाल तर यूपी, बिहार, ओडिशाची माणसं दिसतील. इथल्या पोरांना आळशी म्हणून मोकळं होणारे पुष्कळ भेटतात, मला ते पटत नाही. उष्णता, धूळ, आणि एवढं करून पगार हेल्परचा, तर कुठला बाप पोराला पाठवेल?

खरी टंचाई वेगळ्याच माणसाची असते. सीएनसी, व्हीएमसी या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनवर जॉब लावून बटण दाबणारा ऑपरेटर काही आठवड्यांत तयार होतो, पण प्रोग्रॅम समजून टूल ऑफसेट (हत्याराच्या मापातली दुरुस्ती) देणारा, माप चुकलं तर कशानं चुकलं ते सांगणारा सेटर व्हायला वर्षं जातात, आणि तो वर्गात तयार होत नाही, चालू मशिनवरच होतो. इचलकरंजीतही तसंच, साध्या मागाचा जॉबर, म्हणजे माग लावून दुरुस्त करणारा, रॅपियर किंवा एअरजेट या नव्या, बिनधोट्याच्या मागांवर लगेच चालत नाही, तिथं इलेक्ट्रॉनिक्स पण कळावं लागतं. कापडाचं वरचं शिक्षण इचलकरंजीच्या डीकेटीई कॉलेजात १९८२ पासून मिळतं पण ते इंजिनिअर घडवायला, जॉबर घडवायला नाही.

वर्ग आणि मशिन जोडायला १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे. २०१९ च्या नियमांप्रमाणं ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, ४ ते २९ असतील तर मालकाची मर्जी. स्टायपेंड तेव्हा शिक्षणाप्रमाणं महिना किमान ५००० ते ९००० रुपये ठरला. आता उद्यमनगरातली शेड डोळ्यासमोर आणा, पाच-सात-दहा माणसं, म्हणजे जिथं पूर्वापार काम शिकवलं जातं तिथं सक्ती लागूच नाही, आणि मोठ्या कारखान्यात लागू आहे तिथं अप्रेंटिस म्हणजे स्वस्तातला हेल्पर असा हिशोब होण्याची भीती. २०१६ पासून ड्युअल पद्धत पण आहे, आयटीआयत असतानाच काही महिने कारखान्यात, पण तिथंही मालक मनावर घेतो का यावरच गाडी अडते.

चपलांचं आणि हुपरीच्या चांदीकामाचं शिक्षण अजून घरातच चालतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, त्यानं नाव राखलं जातं, पण चामडं कमवायला आणि वेणी घालायला नवी पोरं आपोआप येत नाहीत.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेचा अंदाज दिलाय की १९ ते २४ वयातल्या कामकऱ्यांपैकी ५ टक्क्यांहून कमी लोकांनी रीतसर व्यवसाय शिक्षण घेतलंय, जर्मनीत हेच ७५ टक्के आणि दक्षिण कोरियात ९६. पण आपल्याकडं जे घेतात ते सगळे त्याच कामात टिकतात असंही नाही. दहावीनंतर दोन वर्षांची आयटीआय केली की डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं, डिप्लोमावरून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षात. पोरासाठी ही वाट चांगलीच आहे, घरचेही तेच सुचवतात, फक्त शेडमधला मालक ज्या टर्नरची वाट बघत असतो तो तोवर इंजिनिअरिंगच्या वर्गात बसलेला असतो.