मोबाइल स्टार्टर (सांगली जिल्हा)

शेतपंपाचा स्टार्टर दुरून, मोबाइलवर रिंग देऊन किंवा आकडा दाबून चालू-बंद करणारे, बहुधा स्थानिक बनावटीचे उपकरण. तयार कंपनी-उत्पादनेही याच नावाने विकली जातात. येथे मुख्यतः मोबाइल दुरुस्तीवाले, रिवाइंडिंगवाले (जळालेल्या मोटारीची तार पुन्हा गुंडाळणारे), आयटीआय व अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि हौशी शेतकरी यांनी जुळवलेल्या प्रकाराचा विचार केला आहे. ‘ऑटो’ हे याहून जुने व वेगळे उपकरण. लाईट आल्यावर ते काही सेकंद थांबून मोटार आपोआप चालू करते. माणसाला विचारत नाही. बोलताना दोन्हींची सरमिसळ होते.

वाळवा, पलूस, तासगाव, मिरज या तालुक्यांत कृष्णा, वारणा वा येरळाकाठची जॅकवेल (नदीचे पाणी उचलण्याची विहीर) एकीकडे आणि ऊस-द्राक्षाचे रान दुसरीकडे, मध्ये लांबलचक पाइपलाइन, ही नित्याची स्थिती. शेतीची थ्री फेज वीज पाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्री दारे धरायला (पिकात पाणी वळवायला) जाणाऱ्याला विंचू-सापाची आणि शिराळा-वाळव्याकडे बिबट्याचीही धास्ती. गरज कशी निर्माण झाली यावर म्हणूनच फारसा वाद नाही. वाद आहे तो उगमाबद्दल.

उगम व काळ : एका मतानुसार ही कल्पना तयार उत्पादनांतून खाली झिरपली. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ला २००९ मध्ये नोकियाच्या स्पर्धेत पुरस्कार मिळाला, त्यानंतर नकला सुरू झाल्या, असा या मताचा रोख. दुसरे मत असे की, दुरुस्तीच्या टेबलावर पडलेल्या जुन्या हँडसेटमधून ती स्वतंत्रपणे निघाली. जुन्या जोडण्यांची घडण पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यांत दाबलेल्या बटणाचा टोन (सूर) ओळखण्याची सोय नसते. हँडसेटच्या व्हायब्रेटरच्या दोन तारा कापून त्या ट्रान्झिस्टर वा ऑप्टोकप्लर (प्रकाशाने इशारा पोचवणारा सुटा भाग) यांमार्फत रिलेला, म्हणजे थोड्या विजेवर चालणाऱ्या स्विचला, दिलेल्या असतात. ही कारागिराची युक्ती आहे, उत्पादनाची नक्कल नव्हे.

काळ ठरवताना २००३ मध्ये येणारे कॉल मोफत झाल्याचा दाखला हटकून दिला जातो. तो अर्धाच लागू पडतो. कॉल उचलला जाणाऱ्या, म्हणजे टोनवर चालणाऱ्या प्रकाराला त्या बदलाने हात दिला हे खरे. परंतु मिस्ड कॉलला त्यापूर्वीही पैसे पडत नव्हते. खरी अडचण हँडसेटच्या किमतीची होती. नोकिया ११०० (२००३) सारखे फोन घरोघरी येऊन जुने झाले, तेव्हाच एखादा फोन शेतातल्या पेटीत बेवारशासारखा सोडून देणे परवडू लागले. त्यामुळे हा प्रसार त्या दशकाच्या उत्तरार्धातला मानणे सयुक्तिक. ‘ऑटो’ मात्र लोडशेडिंगमुळे त्याआधीच रुजला असावा.

रचना : स्टार्टरच्या पेटीत हिरवे बटण दाबले की कॉन्टॅक्टरची (मोटारीची वीज जोडणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल ओढते आणि स्वतःच्याच पट्टीवर धरून राहते, लाल बटणाने ती साखळी तुटते. उपकरणाला म्हणून दोनच कामे : एका रिलेने हिरव्याला समांतर क्षणभर जोड द्यायची, दुसऱ्याने लालच्या ओळीत क्षणभर तोड.

व्हायब्रेटरच्या प्रकारात कोणाचीही रिंग चालते, हाच त्याचा दोष. रिचार्जची आठवण करून देणाऱ्या कंपनीच्या कॉलनेही मोटार सुरू होते. त्यावरचा उपाय म्हणून हेडफोनची वायर खोचून फोन ऑटो-आन्सरवर ठेवायचा आणि त्या वायरीतला आवाज एमटी ८८७० या चिपला द्यायचा. प्रत्येक बटणाचा टोन दोन सुरांचा असतो. ‘१’ म्हणजे ६९७ व १२०९ हर्ट्‌झ. चिप ही जोडी ओळखून चार तारांवर द्विमान (० व १ चा) आकडा देते. येथे नवखे हमखास फसतात : ‘०’ दाबल्यावर चारही तारा शून्य होतील असे धरून ते मोटार बंद करण्याची जोडणी करतात, पण चिप शून्याला दहा मानते आणि १०१० देते. मोटार काही बंद होत नाही. मोबाइलचा आवाज दाबून पाठवला जात असताना हे सूर टिकतात कसे, ही शंकाही रास्त आहे. जीएसएम या मोबाइल पद्धतीत दाबलेले बटण संदेश म्हणून जाते आणि टोन प्रत्यक्षात कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये तयार होतो. निम्म्या वाटेवरची झीज त्यामुळे वाचते.

पुढे हँडसेट जाऊन सिम८०० सारखी मॉड्यूल (सिम घालून फोनचे काम करणाऱ्या पाट्या) व आर्डुइनो (छोटा नियंत्रक बोर्ड) आले. सुटे भाग पुण्याच्या तापकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणण्याची रीत ऑनलाइन खरेदीने मोडली. या मॉड्यूलला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि नेटवर्क शोधताना ते क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढते. ५ व्होल्ट देणाऱ्या साध्या ७८०५ चिपवर जोडल्यास ते जळते तरी किंवा सारखे रिसेट होत राहते. २जीचे असल्याने त्याला जिओचे सिम चालत नाही. मोजक्या नंबरांनाच ओळखणे, मोटार सुरू झाल्याचा उलट मेसेज, विहीर उपसल्यावर करंट उतरताच मोटार तोडणे, या सोयी याच पिढीतल्या. तीनही फेज असल्याची खात्री न करता मोटार उचलणारी जोडणी मात्र कितीही हुशार असली तरी वाइंडिंगचे दुकान चालवते.

आक्षेप : महावितरण ऑटो काढून कपॅसिटर बसवण्याचे आवाहन वारंवार करते. त्यामागचे गणित साधे आहे. ६३ केव्हीएच्या डीपीची (ट्रान्सफॉर्मरची) पूर्ण भाराची क्षमता सुमारे ८४ अँपिअर. ५ एचपीच्या दहा मोटारी चालताना ती जेमतेम पुरते; पण सुरू होताना मोटार सुमारे सहापट करंट ओढते आणि लाईट येताच दहाही एकदम उठल्या, तर मागणी ४०० अँपिअरच्या वर जाते. ऑटोवरचा हा आक्षेप मोबाइल स्टार्टरला तितकासा लागू नाही, कारण दहा जण एकाच सेकंदाला रिंग देत नाहीत. दोन्ही एकाच पेटीत बसवल्यास तो लागू होतो, आणि बहुतेक पेट्यांत दोन्ही असतात.

निगा : हँडसेट जेवणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, चार्जरच्या वायरीपुरते भोक पाडून ठेवलेला असतो. भोकातून मुंग्या शिरतात. कॉन्टॅक्टरच्या पट्ट्यांत पाल अडकणे हा जुना आजार याने बरा झालेला नाही. पुराचा इशारा मिळाला की नदीकाठची मोटार आणि पेटी वर काढतात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा अनेकांना तेवढी सवड मिळाली नाही. बुडालेला कॉन्टॅक्टर धुऊन, उन्हात वाळवून पुन्हा लावतात. हँडसेटमधून फक्त सिम काढून घेतात.