सक्तीच्या सारखेपणाची कुळकथा

प्रत्येक घास पन्नास वेळा चावायचा, असा कायदाच. लाखो माणसं एकाच मिनिटाला उठतात, एकाच मिनिटाला कामाला लागतात. घरं काचेची, गणवेश निळसर-करडा, नावाच्या जागी अक्षर आणि आकडा: डी-५०३, ओ-९०. येवगेनी झाम्यातिन या रशियन लेखकाने १९२०-२१ मध्ये लिहिलेल्या ‘आम्ही’ कादंबरीतलं हे राज्य. पुढे कथा-कादंबऱ्यांत माणसांना एका साच्यातून काढणारी जी राज्यं आली, त्यांतल्या अनेकांचं मूळ इथे सापडतं.

ही कादंबरी बोल्शेविकांवरची, म्हणजे लेनिनच्या कम्युनिस्टांवरची टीका म्हणून ओळखली जाते. ते अर्धंच खरं. झाम्यातिन पेशाने जहाज-अभियंता. १९१६-१७ मध्ये बर्फ फोडणाऱ्या जहाजांच्या बांधणीवर देखरेख करायला तो इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला होता. तिथल्या आयुष्यावर त्याने एक लघुकादंबरी लिहिली. तिच्यातला पाद्री जेवण, मोकळी हवा, दानधर्म, इतकंच काय, पश्चात्तापाचंही वेळापत्रक आखतो. बायकोच्या वाट्याला दर तिसऱ्या आठवड्याचा शनिवार! लोकांचं तारण सक्तीनेच व्हायला हवं, असं या गृहस्थाचं ठाम मत. एका सभ्य इंग्रज घरात बी असं आधीच पडलं होतं.

खतपाणी अमेरिकेतून आलं. फ्रेडरिक टेलर हा अभियंता घड्याळ लावून कामगाराची एकेक हालचाल मोजायचा. त्याचं गाजलेलं पुस्तक १९११ चं. लेनिनने १९१४ मध्ये या पद्धतीला यंत्राकरवी माणसाची गुलामी म्हटलं होतं. १९१८ मध्ये, सत्ता हाती आल्यावर, तीच पद्धत रशियात आणा असं तोच सांगू लागला. अलेक्सेई गास्तेव हा कवी तर याचा पक्का भक्त. एकेका कामगाराला ए, बी, सी किंवा ३२५, ०७५ असं संबोधता येईल, असं त्याने १९१९ मध्ये लिहिलं, तेही कौतुकाने. झाम्यातिनला पदरचं फारसं घालावं लागलं नाही.

त्याच्या कादंबरीत टेलर हा प्राचीन काळातला थोर पुरुष आहे आणि रेल्वेचं वेळापत्रक हा प्राचीन साहित्याचा मुकुटमणी. वाचताना हसू येतं. मग राज्याच्या अवकाशयानाच्या इंजिनाची चाचणी येते. दहाएक बेसावध माणसं झोताखाली सापडून नाहीशी होतात आणि काम क्षणभरही थांबत नाही. कादंबरीचा निवेदक डी-५०३ अभिमानाने नोंदवतो की दहा जण म्हणजे राज्याचा जेमतेम दहा कोटीवा भाग. सगळे सारखे, म्हणून कोणाचीच उणीव भासत नाही. एवढं करूनही राज्य निर्धास्त नाही. शेवटी मेंदूतली कल्पनाशक्ती क्ष-किरणांनी जाळायची शस्त्रक्रिया करावी लागते.

कादंबरी आधी इंग्रजीत आली, १९२४ मध्ये न्यूयॉर्कला. जॉर्ज ऑरवेलने १९४६ मध्ये तिचं परीक्षण लिहिलं. त्याची ‘१९८४’ ही कादंबरी आली त्यानंतर तीन वर्षांनी. सोव्हिएत वाचकाला मात्र ‘आम्ही’ १९८८ पर्यंत मिळाली नाही. झाम्यातिनवर १९२९ मध्ये वृत्तपत्रांतून झोड उठली. १९३१ मध्ये त्याने थेट स्टालिनला पत्र लिहून देश सोडायची परवानगी मागितली, ती मिळालीही. १९३७ मध्ये तो पॅरिसला वारला. आकड्यांचं कौतुक करणारा गास्तेव देशातच राहिला. १९३८ मध्ये त्याला अटक झाली आणि पुढे गोळी घालण्यात आली.